लाल पाटीची खाट

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार (ड्यूटीने कंबर धरलीय, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घ्या). तब्येत विचारत नाही, मामीने सगळं सांगितलंय. पित्ताचे खडे पोटात घेऊन मरेन, पण रक्तात ती ‘बी’ कावीळ निघाल्यावर नर्सांचे नखरे सोसायला दवाखान्यात जाणार नाही, असं म्हणालात म्हणे. नर्सा खरंच कशा वागतात, याचं मलाही कुतूहल होतंच. तर ऐका.

आमच्या वॉर्डात तुमच्याच दुखण्याचे एक शिंपीकाका होते. मोठ्या सिस्टरांनी त्यांच्या खाटेला लाल पाटी लावली, सगळ्यांनी जपावं म्हणून. झालं! आमची एक मैत्रीण (तिला आम्ही ‘डबल मोजे’ म्हणतो) नाडी बघायलाही दोन-दोन ग्लोव्हज चढवायची आणि पाण्याचा ग्लास शेजारच्या गावातून दिल्यासारखा द्यायची. बाजूच्या खाटेवरच्या मास्तरांचं रक्त मात्र उघड्या हाताने काढायची. त्यांचा रिपोर्ट यायचाच होता, पण चेहरा सज्जन होता ना! मग पंखा कुरकुरतो म्हणून काकांनी आणि मास्तरांनी परस्पर खाटा बदलल्या. पाटी राहिली तिथेच. बाईसाहेबांच्या काही लक्षात आलं नाही, कारण त्यांनी आजवर पाटीच पाहिली होती, चेहरा कुठे पाहिला होता? (औषधं मी मनगटावरचं नाव वाचून देते, ती बरोबर गेली. काकांचं रक्तही मीच ग्लोव्हज घालून काढलं.) दोन-दोन ग्लोव्हजचा थाट बघून मास्तरांना वाटलं, आपण कुणीतरी बडी असामी आहोत. काकांची उशी मात्र उघड्या हातांनी नीट होऊ लागली, गप्पा रंगल्या, काकांनी वितीने तिच्या ब्लाउजच्या बाहीचं मापसुद्धा घेतलं. मला ते हळूच म्हणाले, “सिस्टर, संध्याकाळपर्यंत पाटी तिकडेच राहू द्या.” मला भरून आलं, आणि पुढे काय होतंय ते बघायचंही होतं. पाटी तिकडेच राहू दिली.

संध्याकाळी तिला सांगितलं. ती पांढरीफटक पडली, हात खसाखसा धुतले, बराच वेळ आपल्या हातांकडे बघत उभी राहिली. मग सरळ काकांपाशी गेली. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, “दुसऱ्या बाहीचं राहिलंय.” मोठ्या सिस्टरांनी पाटी काढली. आता रक्ताला हात लावायचा तर ग्लोव्हज सगळ्यांसाठी, आणि नाडीला कुणासाठीच नाहीत.

तुमची लाडकी भाची

ता. क. सोमवारी तुमच्यासाठी खाट ठेवलीय. या. मला काळजी वाटते हो.

ता. ता. क. फडताळामागे लपवलेल्या तुमच्या वेगळ्या कपातून मागच्या रविवारी मी चहा प्यायले. साखर फार घालता, तेवढी कमी करा.