गुंडूचे अकरा चौकोन

बेंगळूर, ६ जून २००७

ती. महांतेशअण्णास,
शांभवीचा सा. न. वि. वि.

मे महिन्यात तुझ्या दानेश्वरीच्या मेंदूचे फोटो काढले ना, त्यावरून आमच्या प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर तिच्या मेंदूची प्रतिकृती झाली. सोबत तिचा तक्ता आहे. मेंदूचा कुठला भाग कुठल्या भागाशी जोडलेला, ते काळ्या चौकोनांवरून कळतं. दानूत जवळच्यांची गर्दी फार, लांबच्यांची गाठभेट कमी. हे औषध नव्हे, नुसतं समजून घेणं. पण सहा वर्षांची पोर बोलत नाही म्हणून तिला लांबच्या वसतिगृहात ठेवायची घाई करू नकोस. अव्वाला नमस्कार.

तुझी धाकटी,
शांभवी

कबनूर, १९ जून

चि. शांभवीस अनेक आशीर्वाद.

घोटाळा झाला. तुझा तक्ता टेबलावर होता. आपल्या कारखान्यातले माग जुळवणारा जॉबर गुंडू त्याला टॉवेलच्या काठाची नक्षी समजला आणि मागाला चढवून मोकळा झाला. पहिला टॉवेल विणल्यावर म्हणाला, नक्षीतच खोट हाय, लांबचं धागं एकमेकाला भेटतच न्हाईत, पहिल्या धुण्यात उसवणार. म्हणून त्यानं अकरा चौकोन पदरचे भरले. असे दोनशे टॉवेल व्यापाऱ्यानं हातोहात उचलले. तुझ्या भाचीच्या मेंदूनं गाव तोंड पुसतंय.

हसू नकोस, पण सोबत पाठवलेल्या टॉवेलवरचे तेच अकरा चौकोन कॉम्प्युटरमधल्या दानूत भरून बघशील का? वसतिगृहाचा फॉर्म तीस तारखेला द्यायचाय. माझा जीव तुटतो गं. अव्वानं त्या कॉम्प्युटरमधल्या नातीसाठी शेंगाच्या पोळ्या पाठवल्यात.

अण्णाचे आशीर्वाद आहेतच.

बेंगळूर, २४ जून

ती. अण्णास सा. न.

प्रयोगशाळेतल्या सरांच्या नकळत गुंडूमामांचे चौकोन भरले. कॉम्प्युटरमधल्या दानूचे सगळे भाग एकदम एका सुरात सुरू झाले, ते थांबेचनात. मशीनच बंद करावं लागलं. असा मेंदू कुणाच्याच डोक्यात नसतो, अण्णा. पोळ्या सरांनी खाल्ल्या. फॉर्मचं लगेच कळव, माझं कशात लक्ष नाही.

तुझीच,
शांभवी

कबनूर, ३० जून

चि. शांभवीस आशीर्वाद.

तो खोटीचा पहिला टॉवेल दानू दहा दिवस अंगाला गुंडाळून होती. आज सकाळी गुंडू तो बदलून दुरुस्त टॉवेल द्यायला आला. तिनं आपला घट्ट धरला आणि सोळा मागांच्या खडखडाटात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, न्हाय!

सहा वर्षांतला पहिला शब्द. मी माग बंद केले आणि कामगारांदेखत रडलो. गुंडूच्या मते ही त्याच्याच चौकोनांची करामत. अव्वा रुसली आहे, पहिला शब्द तरी गोड असावा म्हणते.

दुपारी वसतिगृहात जाऊन आलो. फॉर्मवर पालकांच्या संमतीसमोर मीही मोठ्या अक्षरात तेवढंच लिहिलं.

माया कमी करू नकोस.
तुझा अण्णा