भिंत सुस्थितीत आहे

१ जानेवारी १९७९, सोमवार
सिमेंट कंपनीच्या डायऱ्या आल्या. गिऱ्हाइकांना वाटायच्या आधी एक चांगल्या बाइंडिंगची स्वतःला काढून घेतली. यंदा रोज लिहायचं. फक्त स्वतःसाठी. खरं तेच लिहायचं.

९ जानेवारी
नगरपालिकेची मीटिंग. हे आंतरराष्ट्रीय बालक वर्ष आहे, असं वरून पत्र आलंय. म्हणून ‘बालगृह व निराधार निवारा देखरेख समिती’ काढली आणि मला अध्यक्ष केलं. मी बांधकाम समिती मागितली होती. नगराध्यक्ष म्हणाले, ‘तवनाप्पा, तिथं तुमचं सिमेंटचं दुकान आडवं येतंय. इथं मन मोठं लागतं.’ पटलं. बांधकाम काय, कुणीही करतं.
समितीत आणखी दोन सभासद. एक मुलाकडं पुण्याला असतात, दुसरे काही बोलत नाहीत. एकमत होण्यात अडचण नाही.
संकल्प : बालगृहाला दर आठवड्याला भेट. निवाऱ्याला पंधरा दिवसांतून एकदा. सगळ्या भेटी अचानक. रोज पहाटे पाचला उठणे.

१० जानेवारी
साडेसातला उठलो. थंडी फार आहे.

२३ जानेवारी
शुक्रवारी सकाळी दहाला बालगृहाला अचानक भेट देणार, असं पत्र बालगृह सांभाळणाऱ्या अंबूबाईंना पाठवलं. म्हणजे त्या जागेवर असतील. हेडक्लार्क नानासो म्हणाले, कळवून गेल्यावर ती अचानक कशी? मी म्हटलं, मुलांना अचानक. नानासोंना कामाचा अनुभव आहे, पण विचार कमी.

२६ जानेवारी
झेंडावंदन. त्यानंतर आष्ट्याला मेव्हण्यांकडं जेवण. अचानक भेट पुढं ढकलली. तसं पत्र पाठवायचं राहिलं. नंतर कळलं, मुलं अंघोळी करून दुपारी एकपर्यंत ओळीत उभी होती. शिस्त चांगली दिसते. तशी नोंद केली.

६ फेब्रुवारी, सकाळी ११
निवाऱ्याला भेट दिली. ज्यांना घर नाही त्यांनी रात्री पाठ टेकावी म्हणून नगरपालिकेनं ही दगडी इमारत दिलेली आहे. बघतो तर आत कुणीच नाही! भिंतीलगत गुंडाळून ठेवलेल्या वाकळा आणि झाडू मारणारी साळूबाई, एवढंच. ही बाई चार वर्षं तिथंच राहते आणि सगळ्यांवर नजर ठेवते म्हणे. म्हणाली, ‘आवं, समदी कामावर गेल्याती. रातीला या, पाय ठिवाय जागा नसतीया.’
रात्री कसं जमणार? आमचं जेवण सूर्यास्ताआधी, मग पेपर, मग झोप. शिवाय पाहणी उजेडात करावी. रिपोर्टात लिहिलं : ‘पाहणीच्या वेळी एकही बेघर व्यक्ती आढळली नाही.’ नगराध्यक्षांना फोनवर सांगितलं, मी सूत्रं घेतल्यापासून महिन्याभरात गावातले बेघर शून्यावर आले. त्यांनी लगेच फोन ठेवला. भारावले असावेत.

१९ फेब्रुवारी
सर्दी. बालक आणि निराधार दोघांचाही विचार अंथरुणात केला.

१३ मार्च
बालगृहाला भेट. मुलं तेवीस की सव्वीस, नीट मोजता आली नाहीत, सारखी हलत होती. पाऊण तास भाषण केलं. विषय : देशाचं भवितव्य. पुढच्या रांगेतली दोन झोपली. अंबूबाईंनी त्यांना उठवू दिलं नाही. म्हणाल्या, रात्री खोकल्यानं जागी होती.
भाषणानंतर अंबूबाईंनी मला मागच्या खोलीत नेलं. इथं सगळी मुलं झोपतात. पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर. तीत आपलं बोट घालून दाखवलं. म्हणाल्या, ‘आवं अध्यक्ष, ही भित यंदाचा पाऊस काढत न्हाई. मागणीपत्र तयार हाय. तुमची सही झाली की काम सुरू.’
बाईंचा स्वभाव जरा निराशावादी आहे. मी इतकी वर्षं सिमेंट विकतोय, भिंत मला कळते. पण सही म्हणजे जबाबदारी. घाईनं करायची गोष्ट नव्हे. अभ्यास करतो म्हणून मागणीपत्र बरोबर आणलं.
तिथली आमटी पातळ होती. पण चव होती.

१४ मार्च
मागणीपत्राचा अभ्यास उद्यापासून.

२ एप्रिल
अंबूबाई दुकानात आल्या. मी मागच्या दारानं बँकेत गेलो होतो. म्हणजे त्या आल्यावर गेलो.

११ एप्रिल
अंबूबाई पुन्हा आल्या. या वेळी मागच्याच दारानं आल्या. म्हणाल्या, सही राहू दे, निदान चीर बुजवायला सहा पोती सिमेंट द्या, गवंडी फुकट काम करायला तयार आहे. मी त्यांना शांतपणे समजावलं : मी समितीचा अध्यक्ष, माझ्याच दुकानातून माझ्याच समितीला माल दिला तर लोक काय म्हणतील? तत्त्व म्हणजे तत्त्व. त्या म्हणाल्या, ‘लोक काय बी म्हणत न्हाईत. पोरं तिथं झोपत्यात एवढंच.’
टंचाईमुळं माल असाही शिल्लक नाही. कालच एका थिएटरच्या पायाला गेला.
रात्री जेवताना, म्हणजे साडेपाचला, बायकोनं, त्रिशलेनं विचारलं, सहा पोत्यांचं काय ठरलं? हिला कोण सांगतं कोण जाणे.

४ मे, सातारा एस.टी. स्टँड
महाबळेश्वरला ‘निराधारांचे प्रश्न’ या विषयावर तीन दिवसांचं शिबिर. निघालो. साताऱ्याला पुढची गाडी चुकली. तीन तास थांबायचं. एक बाई दोन मुलांना घेऊन बाकावर झोपली होती. तिला उठवून तिथं बसलो. त्याशिवाय लिहिता येईना. शिबिरातल्या माझ्या निबंधाचा पहिला परिच्छेद झाला : ‘उघड्यावर झोपणाऱ्यांना हक्काची जागा.’

५ मे, महाबळेश्वर
हॉटेलात सकाळी गरम पाणी नाही. पांघरूण पातळ. बेघर माणसाला काय सोसावं लागतं ते आज आतून कळलं. मॅनेजरकडं तक्रार केली. दुसरं पांघरूण आलं.
निबंध वाचला. टाळ्या. जेवणाची घंटा त्याच वेळी झाली, पण टाळ्या आधी सुरू झाल्या होत्या.

६ मे
शिबिरात कुणी कुणी सांगत होते की त्यांनी रात्री निवाऱ्यात जाऊन लोकांशी गप्पा मारल्या. नाटकी माणसं. दुपारी पॉइंट बघितले.

२८ मे
समितीचा अहवाल पूर्ण! एकाहत्तर पानं. अंबूबाईंच्या भिंतीविषयी काहीतरी लिहायला हवं होतं. परत जाऊन बघायला वेळ नव्हता. विचार केला : मार्चमध्ये पडली नाही, एप्रिलमध्ये पडली नाही, मेमध्येही नाही. म्हणून पान ४३ वर लिहिलं : ‘भिंत सुस्थितीत आहे.’ एका ओळीत किती मोठा प्रश्न सुटला. छापायला दिलं. मुखपृष्ठावर माझा फोटो, खुर्चीत बसलेला. मुलांचाही घ्यायचा होता, जागा उरली नाही.

९ जून
पाऊस चार दिवस लागून आहे. मागणीपत्र सापडलं. दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली होतं. वर रेटकार्ड होतं. सोमवारी सही करतो.

११ जून, सोमवार
अहवालाची प्रुफं आली. फोटोत नाक काळं आलंय. त्यात दिवस गेला.

१४ जून
धक्कादायक. अंबूबाईंनी काल संध्याकाळी सगळी मुलं, वाकळा आणि स्वयंपाकाची भांडी निवाऱ्यात हलवली! कुणाची परवानगी नाही, कागद नाही. नानासो सांगत होते, साळूबाईनं निम्मी जागा रिकामी करून दिली, आणि मुलं आत मावावीत म्हणून मोठी माणसं आळीपाळीनं पडवीत झोपतात.
बालक वेगळे, निराधार वेगळे. माझ्या अहवालात त्यांची प्रकरणंसुद्धा वेगळी आहेत. दोन्ही एका छताखाली आणल्यावर मी देखरेख कशावर करायची?

१६ जून
अंबूबाईंना कारणे दाखवा नोटीस लिहिली. तीन पानं. ‘सुस्थितीतील इमारत विनाकारण सोडून’ हे शब्द नानासोंना खटकले. म्हणाले, ‘साहेब, एकदा भित बघून या आणि मग पाठवा.’ पाऊस असा कोसळतोय, कोण जाणार? सोमवारी शिपाई बालगृहाच्या पत्त्यावर पोचवेल. नियमाप्रमाणे पत्ता तोच.

१७ जून
अहवालाच्या दोनशे प्रती आल्या. सांगलीला समाजकल्याण अधिकाऱ्यांना एक प्रत स्पेशल पाठवली. नाक अजून काळंच आहे.

१८ जून, सोमवार
नोटीस परत आली. शिपायानं पाठीमागं शेरा मारलाय : ‘सदर पत्त्यावर खोली आढळली नाही.’
त्याला बोलावून झापणार होतो. तो दारातच उभा राहिला, चिंब भिजलेला. म्हणाला, ‘आवं, पश्चिमेची भित पहाटं आत पडली. तिच्या मागनं छप्पर. समदी खोली भरलीया दगडांनी.’
मी विचारलं, मुलं?
‘मुलं तिथं कुठं? निवाऱ्यात हायती न्हवं.’
दुकान बंद केलं. बघायला गेलो. लोक उभे होते. मी आल्यावर बाजूला झाले, नेहमी होतात तसेच, पण आज कुणी नमस्कार केला नाही. जिथं मुलं ओळीनं झोपायची तिथं गुडघाभर दगडमाती. एका कोपऱ्यात लोखंडी पेटी राहिली होती. पुरी चपटी झालेली.
आज जेवण नको वाटलं.

१९ जून
रात्रभर विचार करून एक गोष्ट लक्षात आली. भिंत पडली तेव्हा आत कुणी नव्हतं. म्हणजे माझ्या कारकिर्दीत एकही बळी गेला नाही. ही बाजू कुणीच मांडत नाही.
अहवालाच्या प्रती परत मागवायला माणूस पाठवला. सांगलीची प्रत पोचली होती.

२६ जून
समाजकल्याण अधिकारी आल्या. वयानं लहान, आवाज शांत. अहवाल हातात, पान ४३ ला बोट घातलेलं. निवाऱ्यात सगळ्यांना बसवलं.
पहिला प्रश्न, मागणीपत्र कुठं आहे? मी खिशातून काढलं. आज सकाळीच सही केली होती. त्यांनी शाई बघितली. वरची तारीख बघितली : १३ मार्च. मागणीपत्र नानासोंकडं दिलं. नानासोंनी वाचून सांगितलं की हे मागणीपत्र भिंत दुरुस्तीचं आहे, आता दुरुस्त करायला भिंत नाही, त्यामुळं चालणार नाही.
दुसरा प्रश्न, बालगृहात मुलं किती? मी म्हटलं, साधारण पंचवीस.
तिसरा, त्यातल्या कुणाचं तरी नाव सांगा.
एक तरी येईल असं वाटलं होतं. समोर सगळी बसलेली. पुढं एक दात पडलेली मुलगी माझ्याकडं बघून हसत होती, जणू तिला उत्तर माहीत होतं. होतंच.
मग अंबूबाईंनी कागद न बघता तेवीस नावं सांगितली. कुणाला खोकला आहे, कुणाला वीज कडाडली की धरून बसावं लागतं, हेही सांगितलं. मध्ये विसरल्या तिथं साळूबाईनं पुढचं सांगितलं.
शेवटी अधिकारी म्हणाल्या, पावसाळ्यापुरती मोठी कोरडी जागा हवी. मी उठून सांगणार होतो की हा प्रश्न समिती विचारात घेईल. एवढ्यात मागून त्रिशला उठली. ही कधी आली? कंबरेची किल्ली काढून तिनं अंबूबाईंच्या हातात दिली. म्हणाली, ‘आमचं गुदाम रिकामं हाय. फरशी उंच हाय. आजच न्या.’
मला विचारलंही नाही. मी होकारार्थी मान हलवली. बहुतेकांनी ती बघितली नसावी.

२८ जून
समिती बरखास्त. नगराध्यक्षांची चिठ्ठी आली, दोन ओळींची. आभार नाहीत. देखरेखीचं काम पुढं अंबूबाई आणि नानासो बघणार.
अहवालाच्या एकशे नव्व्याण्णव प्रती दुकानात आहेत. त्रिशला म्हणते, मुलांना पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाढे लिहायला देऊया. पानं दोन्ही बाजूंनी छापलीत, हे सांगितल्यावर तिला वाईट वाटलं.

१ जुलै, रविवार
गुदामाकडं गेलो. काही काम नव्हतं. दारात बोलायची दोन वाक्यं तयार केली होती : ‘अंबूबाई, तुम्ही बरोबर होता. माझी चूक झाली.’ दुकानापासून तिथपर्यंत पाच वेळा म्हणून बघितली. जमत होती.
दारात ती दात पडलेली मुलगी बसली होती. आतून अंबूबाईंनी विचारलं, ‘अंजना, कोण आलंय गं?’
ती माझ्याकडं नीट बघून म्हणाली, ‘कोण न्हाई बाई. गुदामवालं हायती.’
आतून अंबूबाई म्हणाल्या, त्यांना म्हणावं चपला बाहेर काढा, आत्ताच पुसलंय. काढल्या. आत गेलो. सगळी जेवायला बसली होती, कुणी उठलं नाही. अंबूबाई वाढत होत्या. माझी दोन्ही वाक्यं तिथं कुठं घालावीत कळेना. थोडा वेळ उभा राहिलो. मग खिडकी नीट लागते का ते बघितलं. लागते. परत आलो.

३ जुलै
तेवीस नावं पाठ करायला घेतली आहेत. आज चार येत होती. संध्याकाळी जाऊन म्हणून दाखवली. त्यातलं एक मुलांपैकी नव्हतंच, साळूबाईचं निघालं.