तीन दिवस, चार अंश

प्रिय चिंगे,

शिंप्याच्या कुत्र्याचा, बटणचा रिपोर्ट आला. रेबीजच. तू आठ दिवस फोन उचलत नाहीस आणि तुझी आई, माझीच धाकटी बहीण, दर वेळी सांगते की ती झोपली आहे. सकाळी अकरालाही झोपलेली, दुपारी चारलाही झोपलेली. एवढी झोप मी कुत्र्यांना भूल देऊनही पाहिलेली नाही. म्हणून लिहिते आहे. पत्र झोपलेल्या माणसाच्या उशाशी ठेवता येतं.

काय घडलं ते तुला अर्धंच माहीत आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते. त्या मंगळवारी तू गोठ्यांवर वासरं बघायला गेली होतीस आणि दवाखान्यात मी बसले होते. शिंपी बटणला कडेवर घेऊन आला. जबडा लोंबलेला, लाळेची तार थेट त्याच्या सदऱ्यापर्यंत. म्हणाला, ताई, घशात हाड अडकलंय बघा, कालपासून पाणीसुद्धा गिळत नाही. एकतीस वर्षं मी प्रत्येक नव्या डॉक्टरला एकच गोष्ट बजावत आले. लाळ गळते आहे, जबडा लोंबतो आहे आणि मालक म्हणतो हाड अडकलं, तर आधी दोन्ही हात खिशात घाल आणि मग विचार कर. तुला तर मी ते इतक्यांदा ऐकवलं की तू माझ्या आवाजात नक्कल करून दाखवायचीस.

मी फक्त एक विचारलं, लस झाली आहे का? शिंप्याने टेप ठेवायच्या पिशवीतून कार्ड काढलं. प्लास्टिकच्या पाकिटात, एक घडी नाही, एक डाग नाही. सात महिन्यांपूर्वीची तारीख आणि खाली तुझी सही. मी ती सही वाचली आणि हातमोजे न घालता बटणच्या तोंडात हात घातला. जिभेच्या मुळापर्यंत चाचपलं. हाड नव्हतं. काढताना सुळा उजव्या तर्जनीला लागला. टॉवेलने पुसलं, पट्टी गुंडाळली आणि बटणला पिंजऱ्यात ठेवून सलाइन लावलं.

संध्याकाळी तू आलीस. पिंजऱ्यात बटणला पाहिलंस. मग माझं बोट पाहिलंस. विचारलंस, काय लागलं? मी म्हटलं, बटणचा दात. तू आत गेलीस, आणि नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक होता. मला वाटलं, दिवसभर उन्हात होती, थकली असेल. उलट मीच तुला म्हटलं, जा, घरी जाऊन पड.

बटण गुरुवारी गेला. त्या दोन दिवसांचा मला राग आहे, चिंगे. चूक कुणाच्याही हातून होते, पण तुला माहीत होतं. ती लस कुठल्या बाटलीतली होती हे त्या क्षणी जगात तुला एकटीला माहीत होतं, आणि तू नळ सोडून उभी राहिलीस. एक वाक्य पुरलं असतं. मावशी, बोट साबणाने धू. तेवढंच. शिंपी दोन दिवस पिंजऱ्याशी बसून बटणला हाताने पाणी पाजायचा प्रयत्न करत होता. त्यालाही तू अडवलं नाहीस. बटण गेल्यावर मात्र तू मेंदूचा नमुना अगदी शिस्तीत काढलास, बर्फात ठेवून पाठवलास, चावी शेजारच्या दंतवैद्याकडे टाकलीस आणि आईकडे पळालीस.

बटण गेला त्या संध्याकाळपासून मी, शिंपी आणि त्याची बायको, तिघंही रेबीजची इंजेक्शनं घेत आहोत. तीन झाली, दोन राहिली. मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर तुझ्याच वयाचा. मला म्हणाला, आजी, उशीर झाला पण फार नाही, आणि तुम्हाला हे कळायला हवं होतं. मला आजी म्हटल्याचा राग आला नाही. बाकीचं त्याचं बरोबर होतं.

बाकीचं मला दंतवैद्याने सांगितलं, तेही न विचारता. आठ महिन्यांपूर्वी मी परगावी होते तेव्हा तुला ताप होता आणि दवाखाना तीन दिवस बंद होता, त्याच तीन दिवसांत गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला होता. मी लसींच्या फ्रिजची वही उघडली. रोज सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं आणि ते आठाच्या वर गेलं की बाटल्या फेकायच्या, ती वही. शटर खाली असलेल्या त्या तीन दिवसांतही तुझ्या अक्षरात चार अंश, चार अंश, चार अंश. दंतवैद्य खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, माझ्या फ्रिजमधलं लोणी वाहत दारापर्यंत आलं होतं, तुमच्या फ्रिजला काय देवाने वेगळी वायर टाकून दिली होती? मला हसू आलं नाही. त्या भट्टीत तीन दिवस उकडलेल्या बाटल्या तू पुन्हा थंड केल्यास आणि पुढचा महिनाभर टोचल्यास.

बटणचा घात त्या बाटलीनेच केला हे कधी सिद्ध होणार नाही, हे मलाही कळतं. पण बाटली फेकायला सिद्धता लागत नाही, शंका पुरते. आणि रेबीज अजून आसपास फिरतो आहे, गिरणीमागच्या झुडपात एक कोल्हा मेलेला सापडला आहे.

त्या बाटल्यांतून अठ्ठावन्न जनावरांना लस गेली. गेले पाच दिवस मी दारोदार फिरते आहे. दंतवैद्य गाडी चालवतो आणि मांजरांना घाबरतो. प्रत्येक दारात मी तेच सांगते, तुमच्या कार्डावर भरवसा ठेवू नका, मी पुन्हा टोचायला आले आहे. निवृत्त मुख्याध्यापिकेने बोक्याला मांडीवर घट्ट धरून विचारलं, म्हणजे सात महिने आम्ही नुसता कागद सांभाळला? मी हो म्हटलं. टॅक्सीवाल्याची आई म्हणाली, इतकी वर्षं तुमच्या नावावर आलो हो तुमच्याकडे. हे तिने आवाज न चढवता म्हटलं, आणि मला ते इंजेक्शनपेक्षा जास्त दुखलं. शिंप्याने मात्र एकच विचारलं, धाकट्या ताई बऱ्या आहेत ना?

सत्तेचाळीस झाली. अकरा भटकी कुत्री उरली आहेत, आणि ती तुझ्याशिवाय सापडणार नाहीत. पत्त्याच्या जागी तू लिहिलं आहेस, पांढरी, विटांच्या कारखान्यामागे. काळा, लंगडा, पुलाखालचा. तिघे भाऊ, हाक मारली तर येतात. कुणी हाक मारली तर? माझ्या हाकेला तर नाही येत, दोन संध्याकाळी घसा बसेपर्यंत ओरडून पाहिलं. ती तुलाच ओळखतात. सोमवारी सकाळी आठला तू दवाखान्याच्या दारात हवीस. रडून झालं असेल तर तोंड धुऊन ये, झालं नसेल तर तशीच ये.

एवढ्यासाठी मी तुझ्या आईकरवी निरोप धाडला असता. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. काल माळ्यावरून जुनी वही काढली. तू अकरा वर्षांची होतीस, सुट्टीत माझ्याकडे राहायचीस आणि तापमान लिहायचं काम हट्टाने मागून घेतलं होतंस. एका रविवारी स्टुलावर चढून तू पारा वाचलास आणि लिहिलंस, १४. आदल्या दिवशी फ्रिजचं दार माझ्याच हातून उघडं राहिलं होतं आणि सोमवारी तपासणीस यायचा होता. मी ब्लेड घेतलं आणि तुझ्यासमोर त्यातला १ खरवडून काढला. तू म्हणालीस, मावशी, पण चौदाच होतं ना? मी म्हटलं, चार लिहिलं की चारच असतं. त्या बाटल्या मी वापरल्या. पुढे काही झालं नाही, म्हणून मी ते विसरले. तू विसरली नाहीस. त्या दिवसानंतर त्या वहीत तुझ्या अक्षरात एकदाही दुसरा आकडा नाही. पशुसंवर्धन खात्याला मी काल सगळं कळवलं आहे, तुझे तीन दिवस आणि माझा एक रविवार, दोघींच्या सह्यांच्या जागा सोडून. मी माझी केली आहे. त्या दिवशी तुला खोटं शिकवलं ते मी, आणि हे तुला माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. माझा राग यानेही उतरलेला नाही. पण तो घेऊन मला एकटीला अकरा कुत्री शोधता येत नाहीत.

तुझीच,
मावशी

सोबत दंतवैद्याच्या हाती दिलेलं: दवाखान्याची चावी. उरलेल्या अकरांची यादी. खात्याला पाठवलेल्या अर्जाची प्रत, तुझ्या सहीची जागा कोरी. जुनी वही, खरवडलेल्या पानाशी दोरा घालून. नवी वही, पहिल्या पानावर माझ्या अक्षरात आजची नोंद: सकाळी आठ वाजता अकरा अंश, दार नीट लागलं नव्हतं, चूक माझी, सहा बाटल्या फेकल्या.