एकाच बाजूला बघणाऱ्या कोयऱ्या

बाई, आज मी तुमच्यासारखी डायवाल्यांची दारं हिंडून आले. आमच्याकडे अजून घराच्या पडवीतच पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्यांच्या डाय, म्हणजे पत्रा ठोकायचे साचे, कोरतात. तुम्ही आमच्या दारी आलात ती दिवाळीची सुट्टी होती. शाळेतल्या मुलांना जरा कामाजवळ बसू द्या, असं तुम्ही घरोघर सांगत होतात. मुलगे कुठं ना कुठं लागले, मी राहिले. पोरीनं पोलाद कोरलं तर भाकऱ्या काय मास्तर थापणार, असं बाबा हसून म्हणाले. तुम्ही पायरीवर बसलात. "बसू द्या तिला. मी आहे इथं." आणि रोज दुपारी तिथंच वह्या तपासत बसलात, म्हणून बाबांना मला उठवता येईना. मी कानातल्या कोयऱ्यांची जोडी कोरली, दोन्ही एकाच बाजूला वळलेल्या. जोडीतली दुसरी उलटी कोरायची, हे डोक्यातच आलं नाही. बाबा कानशीनं घासून टाकणार होते. तुम्ही त्यावर पितळेचा पत्रा ठोकून घेतलात आणि त्या कोयऱ्या घालून शाळेत आलात. मुली हसल्या. "पुढची जोडी नीट कोर," एवढंच मला रागावलात.

आमचे हे गेले तेव्हा त्या सुट्टीतल्या शिकण्यावरच मी त्यांचं डाय कोरायचं काम चालू ठेवलं. ह्यांच्या पाटावर मात्र कधी बसले नाही, शेजारी बसून कोरते. यंदा शाळेच्या नव्या बाई आल्या. मुलींना कामाचा अनुभव द्यायला कुणी तयार होईना. डायवाले म्हणतात, भट्टी आहे, हात भाजेल, बोईसरला कंपन्यांत विचारा. कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणतो, बाद में आना. मी एक मुलगी ठेवून घेतली, दांडी गावच्या कोळ्यांची. ती आली आणि उभीच राहिली. "काकू, हा पाट कोनाचा हाय?" आमच्या ह्यांचा, म्हटलं. "मंग मी खालीच बसते." मी तिला पाटावर बसवलं. बाई, तिनंही दोन्ही कोयऱ्या एकाच बाजूला वळवल्या. मी पितळेचा पत्रा काढला.

आज त्याच कानात घालून निघाले. दोन घरी नकोच म्हणाले. शेवटी ह्यांच्या मित्राकडे गेले. तो माझ्याकडे बघतच राहिला. "वैनी, दोन्ही कोयऱ्या एकीकडंच बघतात की."

"माझ्याकडच्या पोरीनं कोरल्यात. शाळेत अजून पोरी हायत. एक तुमच्याकडं बसू दे. वाटलं तर मी येऊन पायरीवर बसते."

"तुमी नका बसू, माज्या कारागिरांना धाक पडंल. सोमवारी पाठवा. चा करता येतो ना तिला?"

"तुमी करा, ती पिईल."

तो हसला, पण सोमवार कायम राहिला.

हे गेल्यापासून मी कानात काही घातलं नव्हतं. वाटेत विचारलं त्यांना सांगितलं, कामापुरत्या घातल्यात. काम होऊन, घरी येऊन, जेवणही झालं, बाई. अजून काढलेल्या नाहीत.