आईच्या अलमारीची बुचं

वैशाली नगर, भिलाई

तीर्थस्वरूप अच्युतमामा,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींनी दिलेलं तेल खरंच लावता, की लावलं म्हणून सांगता? आम्ही सगळे बरे आहोत. बाबा निवृत्त झाले, परवा प्लांटचं क्वार्टर सोडलं, आणि आईची अलमारी नव्या घरी पोचली. ती कशी पोचली हे मीच लिहिते, नाहीतर समीर फोनवर मीठमसाला लावून सांगेल.

प्लांटच्या पॅटर्न शॉपमधल्या लाकडी साच्यांच्या कामाला सुट्टी असली की तुम्ही ती अलमारी करत होता, तेव्हा तुमच्याजवळच मी रंधा धरायला शिकले. शाळेतला फळा नंतर पाहिला. पण स्क्रूंची डोकी तुम्ही उघडी का ठेवली, हे विचारायचं राहिलं. मागच्या दिवाळीत शेजारच्या प्रेमलाकाकू म्हणाल्या, "कावून वो ईरा, तुह्या मामानं काम अर्धंच सोडलं? अलमारीले देवी आल्यावानी दिसून राहिलं!" तुमच्या कामाला कोणी अर्धं म्हणावं हे मला सोसेना. मी प्रत्येक स्क्रूवर लाकडी बूच बसवायचं ठरवलं. हार्डवेअरवाला म्हणाला, "मॅडम, पुट्टी भर दो, कौन देखता है?" म्हटलं, मामा देखते हैं. (लग्नाच्या मांडवातसुद्धा तुम्ही खुर्ची उलटी करून तिचे जोड बघता, हे त्याला काय माहीत.) बूच त्याच लाकडाचं हवं, म्हणून अलमारीच्याच मागच्या पट्टीतून गोल कटरने बुचं काढली. म्हणजे पुढची भोकं मागे गेली, पण मागे भिंत होती. स्क्रू थोडे आत घेतले, सरस लावून बुचं ठोकली, रेषेला रेष जुळवली, पटाशीने छाटून पॉलिश केलं. काकूंनी हात फिरवला आणि त्यांना काहीच सापडेना! मामा, बारावीच्या निकालालाही मी इतकी खूश नव्हते.

मग परवा गाडी आली आणि अलमारी दारातून जाईना. बाबा म्हणाले, "पोरी, ही त खोलूनच आत आणली होती. क्वार्टर बदललं का अच्युत येऊन स्क्रू काढून द्यायचा. म्हणून त उघडे ठेवले त्यानं." मी अलमारीवर हात फिरवून पाहिला. स्क्रू नेमके कुठे आहेत हे मलाही सांगता येईना, इतकं चांगलं काम झालं होतं. समीर करवत घेऊन आला. "ताई, मधातून दोन करून टाकू का?" बाबा म्हणाले, राहू दे, मागून येणाऱ्याला देऊन टाकू. पण आई गेल्यापासून तसाच असलेला तिच्या साड्यांचा कप्पा रिकामा करताना ते पाठमोरे झाले होते, ते बोलतानाही वळले नाहीत.

मी करवत काढून घेतली, तिच्यावर गादी टाकली आणि म्हटलं, अलमारी येईल आणि अख्खी येईल. टॉर्च तिरपा धरला की बुचाची कड दिसते. बुचाच्या मधोमध बारीक छिद्र पाडून त्यात एक स्क्रू पिळत गेले. त्याचं टोक आतल्या स्क्रूच्या डोक्याला टेकलं, पुढे जायला जागा उरली नाही, आणि बूचच वर चढू लागलं. सगळीच इतकी शहाणी निघाली नाहीत. सरसाने धरून ठेवलेली पटाशीने कोरावी लागली. गाडीवाला दयाराम दारातून ओरडत होता, "दीदी, दाँत निकाल रही हो क्या?" हाताला फोड आले, पण अलमारीवर ओरखडा नाही. (एक आहे, डाव्या दाराला आतून. आलात की दाखवीन.)

खोलून आणली, पुन्हा जोडली, आणि आता ती इथे उभी आहे. नव्या बुचांना सरस लावला नाही, नुसतं मेण लावून बसवली आहेत, कधीही निघतील. काल बाबांनी आईची निळी साडी स्वतः घडी करून आत ठेवली, आणि दार पुन्हा उघडून एकदा पाहिली.

वास्तूला मामींना घेऊन नक्की या. तेल लावून या.

तुमची
ईरा

ता. क. येताना जुन्या सागवानाचा वीतभर तुकडा आणा, जरा जाडच.

पुन्हा ता. क. कशाला म्हणून विचारालच. काढताना जुनी बुचं फुटली, मागच्या पट्टीत आता लाकूड कमी आणि भोकं जास्त आहेत, आणि रंगाला जुळणारं जुनं सागवान घरात फक्त एका ठिकाणी होतं. वास्तूच्या पंगतीत तुम्हीच केलेला पाट तुम्हाला मांडणार आहे. मामा, निदान जेवण होईपर्यंत तो उलटा करू नका.