अभ्यासातला सातवा माणूस

बाबा,

मी सकाळच्या पाळीला निघाले. बीपीची गोळी चहाच्या बशीत ठेवली आहे, कालच्यासारखी कुंडीत टाकू नका.

तुमच्या त्या थेंबवाल्या डॉक्टरांनी छापलेला अभ्यास मी शेवटच्या पानापर्यंत वाचला. थेंब देऊन तपासलेली माणसं सगळी मिळून बारा. त्यातला सातवा: वय एकाहत्तर, निवृत्त मुख्याध्यापक, थेंबांनी दोन महिन्यांत बीपी आटोक्यात. बाबा, हे तुम्हीच ना? तेव्हा रोज सकाळी मीच तुमच्या हातावर गोळी ठेवत होते. त्यांनी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. आणि आता तोच अभ्यास माझ्यापुढे नाचवून गोळी बंद केलीत!

वाद घालायचं त्राण नाही उरलं. माझं नका ऐकू. त्या सातव्याचं तरी ऐका, तो गोळी घेत होता.

धाकटी