यरुशलेमची सुपारी

मु. पो. जामसंडे, ता. देवगड, जि. रत्नागिरी
कार्तिक वद्य द्वादशी, शके १८७८
(इंग्रजी नोव्हेंबर १९५६ संपत आला)

ती. सौ. मथुराताईस धाकटी चुलत बहीण सुशीला हिचा वाकून नमस्कार (मध्ये एवढा समुद्र असल्यामुळे पाय सापडत नाहीत, ते सापडले असं धरून आशीर्वाद दे).

वि. वि. तुझं कार्ड पावलं. भावोजींचा खोकला थांबला हे वाचून आईने देवापुढे साखर ठेवली. धाकट्याचे पडलेले दात छपरावर टाकलेत का, की गिरगावात छपरापर्यंत हात पोचत नाही? इकडे आई बरी आहे, उजवा गुडघा सोडून. म्हैस व्यायली. दाजींची तब्येत ठणठणीत आहे. माझे वडील आहेत म्हणून सांगत नाही, पण या वयात दोन आंबेबागा पायी फिरणारा माणूस तालुक्यात दुसरा नसेल. घसा तेवढा बसला आहे. तो का बसला हे सांगायलाच कागद घेतला.

आगबोटीतून उतरलेल्या कोणीतरी तुला सांगितलंच असेल की सुशीचं लग्न मोडलं. मोडलं नाही, ताई, अडकलं होतं. देण्याघेण्यावरून नाही, पत्रिकेवरून नाही, माझ्या सावळ्या रंगावरूनही नाही (तो त्यांनी दोनदा उन्हात पाहून घेतला होता). यहुदी आणि अरब यांचं भांडण मुळात सुरू कोणी केलं, यावरून अडकलं होतं. तू हसत असशील तर हस. मीही आता हसते आहे, पण त्या पाच दिवसांत माझ्या तोंडाला चव नव्हती. मुलींच्या शाळेत मी पाढे सांगायची आणि मनात म्हणायची, बाराशे कोसांवरच्या माणसांनो, तुमचं काय ते लवकर मिटवा रे, माझा मार्गशीर्षातला मुहूर्त जातो आहे.

त्याचं झालं असं. तुळशीचं लग्न लागलं आणि तिसऱ्या दिवशी देवगडची मंडळी आमच्याकडे सुपारी फोडायला आली. नवरामुलगा गणपत याला मुंबईच्या कचेरीतून रजा मिळाली नाही, म्हणून तो नव्हता (तो असता तर बरं झालं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही). त्याचे वडील गुणाजी, आई आनंदीबाई आणि त्यांचे तिघे भाऊबंद आले. गुणाजींना तू पाहिलेलं नाहीस. बावीस वर्षं पलटणीत काढून हवालदार होऊन परत आले. पलटण सुटली, पण खाली बसतानाही ते आधी स्वतःलाच हुकूम देतात असं वाटतं. माणूस मात्र सोन्यासारखा. आनंदीबाईंनी साखरेचा पुडा जरीच्या कागदात छान बांधला होता, पण आतला वाण्याचा मूळ कागद तसाच राहिला होता. दाजींनी पुडा सोडला, साखर ताटात ओतली, आणि गुणाजींनी तो आतला कागद गुडघ्यावर ठेवून सरळ केला. छापलेला कागद फेकणं त्यांना पाहवत नाही. झालं! तो वर्तमानपत्राचा कागद निघाला. त्यात सुवेझच्या कालव्याचा नकाशा होता आणि खाली ‘या कलहाचे मूळ’ असा एक लेख होता. तोही अर्धाच. उरलेला अर्धा दुसऱ्या कुणाच्या तरी गुळाभोवती गेला असावा. पूर्ण लेख असता तर मंडळी वाचून गप्प बसली असती. अर्धा असल्यामुळे उरलेलं मूळ ज्याने त्याने आपल्या घरून घातलं.

महायुद्धाच्या वेळी गुणाजी आठ महिने हैफाच्या बंदरावर पहाऱ्याला होते. ‘मी थंय होतंय, मी बघलंय,’ असं म्हणून त्यांनी आमच्या चटईवरच तो मुलूख मांडायला घेतला. पानाचं तबक म्हणजे समुद्र. नारळ म्हणजे मिसर देश. खाज्याच्या कांड्या ओळीने लावल्या तो कालवा. बेसनाचा लाडू म्हणजे हैफा. आणि मधोमध, हळदकुंकू लावून ठेवलेली जी सुपारी अडकित्त्याखाली जायची होती, ती त्यांनी यरुशलेम म्हणून ठेवली. बोलण्याच्या भरात दाजींनी हैफा खाल्लं. गुणाजी थोडा वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले, मग आईने दुसरं हैफा आणून ठेवलं.

आता दोघांचं म्हणणं सांगते, कारण एकाचंच सांगितलं तर तू त्याच्या बाजूची होशील. गुणाजी म्हणाले, युरोपातून जीव घेऊन पळालेल्या यहुद्यांनी भरलेली एक बोट बंदरात आली आणि इंग्रजांनी ती धक्क्याला लागू दिली नाही. एका बाईने आपलं मूल दोन्ही हातांनी गुणाजींकडे धरलं. भाषा कळत नव्हती, तहान कळत होती. त्यांनी आपली पाण्याची बाटली वर फेकली आणि त्याबद्दल साहेबाने त्यांना दोन दिवस शिक्षा दिली. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. आणि पुढे म्हणाले, ‘आपला मूळ घर ता मूळ घर. माणूस बावीस वर्सांनी इलो काय दोन हजार वर्सांनी, दार उघडूक व्हया!’ (बावीस हा आकडा कुठून आला ते तुझ्या लक्षात आलं असेल. पलटणीतून परतल्यावर चुलतभावांनी त्यांना स्वतःच्याच घराच्या पडवीत निजवलं होतं. ते तिघे चुलतभाऊ त्या वेळी आमच्याच चटईवर बसून अतिशय मन लावून पोहे खात होते.)

त्यावर दाजी म्हणाले, ‘आणि घरात जो रवता, तेका खंय घालशात?’ दाजींचं म्हणणं, तिथली जमीन कसणारे अरब, मालक मात्र दूर शहरात बसलेले. मालकांनी कागदावर विकली आणि पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारा एका सकाळी उपरा झाला. पुढे अठ्ठेचाळीसच्या लढाईत तर लाखो माणसं गावं सोडून रानोमाळ झाली. ‘खोतान जमीन इकल्यान, कुळान खंय जावचा?’ ताई, तू लहान होतीस, तुला आठवत असेल नसेल. आजोबांची बाग खोताने परस्पर विकली, नव्या मालकाची माणसं झाडांना चुना लावायला आली तेव्हा घरात कळलं, आणि सगळ्यांनी एक अख्खा पावसाळा दुसऱ्याच्या गोठ्यात काढला. दाजींनी पॅलेस्टाईन पाहिलेलं नाही. कोल्हापूरच्या पलीकडे ते गेलेले नाहीत. पण तो गोठा त्यांनी पाहिला आहे. त्यांचेही डोळे भरले. मी माजघराच्या दाराआड उभी होते आणि खरं सांगते, मला दोघांचंही ऐकून रडू आलं, आणि दोघांचाही भयंकर राग आला.

मग मंडळींना कंठ फुटला. पोहे संपलेला एक चुलतभाऊ म्हणाला, हे सगळं तेलाचं आणि कालव्याचं, देवाधर्माचं नुसतं नाव. कृष्णाबाई आत्या आतूनच ओरडली, ‘सगळा विंग्रजाचा काम! एका चेडवाचो शबुद दोन घरांका दिल्यानी नि आपण बोटीत बसान गेले!’ एकच मुलगी दोन घरांना कबूल केली, हे सगळ्यांना पटलं, म्हणून त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मला शाळेतला नकाशा आणायला धाडलं. तो महायुद्धाच्याही आधीचा. त्यात इस्रायल नाही म्हणून गुणाजी चिडले, आणि पॅलेस्टाईन आहे पण साहेबाच्या तांबड्या रंगात आहे म्हणून दाजी चिडले. एवढ्यात भटजींनी वेळ जाते म्हणून सुपारीकडे हात केला, तर दोघेही एका सुरात ओरडले, ‘हात लावू नका!’ यरुशलेम कुणाचं हे ठरल्याशिवाय ते अडकित्त्यात घालायला एकही तयार नाही, आणि सुपारी फुटल्याशिवाय लग्न ठरत नाही. दुसरी सुपारी घ्या म्हटलं, तर हळदकुंकू लागलेली सुपारी बदलणं अपशकुन. मंडळी उठून गेली. सुपारी चटईवर राहिली. आईने मांजराच्या भीतीने तिच्यावर तांब्या पालथा घातला आणि पाच दिवस आम्ही त्या तांब्याला वळसा घालून केर काढला.

पाचव्या दिवशी दोघांनी गावच्या देवाचा कौल घ्यायचं ठरवलं. देवळात निम्मा गाव लोटला. रामचंद्र गुरवाने देवाच्या पाषाणावर उजवी-डावीकडे पाकळ्या लावल्या (उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही), गाऱ्हाणं घातलं, आणि विचारलं, प्रश्न काय? इथेच अर्धा तास गेला. गुणाजींना विचारायचं होतं, तिथे आधी कोण होतं. दाजींना विचारायचं होतं, कुणी कुणाला बाहेर काढलं. देव तर फक्त हो किंवा नाही सांगतो. गुणाजींच्या प्रश्नावर लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. दाजींच्या प्रश्नावरही तेवढ्याच जोरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी रामचंद्र गुरवाने पंच्याने घाम पुसला आणि सांगितलं, ‘देवाची हद्द गावच्या शिवेपर्यंत. तेच्या पलीकडला देवाक इचारूचा नाय.’ गुणाजींना हे एकदम पटलं. दुसऱ्या पलटणीच्या हद्दीत हुकूम चालत नाही, म्हणाले. दाजीही उठले. एकमेकांकडे न बघता दोघे एकाच वाटेने आमच्या घरी परत आले, कारण वाट एकच होती.

घरी काय झालं होतं ते ऐक. आनंदीबाई आपल्या कमरेचा अडकित्ता घेऊन सकाळीच आल्या होत्या. आईला म्हणाल्या, ‘सुपारी ती सुपारी. पानात घालूची नाय तर काय पुजूची?’ दोघींनी तांब्या उचलला, देवाला हात जोडले, भटजींना बोलावून दोन मंत्र म्हणून घेतले आणि सुपारी फोडली. पुरुष अंगणात आले तेव्हा दोघी विहिणी ओटीवर पाय पसरून विडा चघळत बसल्या होत्या. गुणाजींनी चटईकडे पाहिलं, दाजींनी विहिणींच्या लाल ओठांकडे पाहिलं, आणि आधी कोण हसलं यावर अजून वाद आहे. मुहूर्त मार्गशीर्ष वद्य पंचमीचा धरला आहे. आता गुणाजी रोज संध्याकाळी देवगडहून चालत येतात, चहा घेतात, दिवे लागेपर्यंत मुळाशी जातात आणि मूळ न सापडता परत जातात. दाजींचा घसा त्याने बसला. पण ते एक दिवस आले नाहीत तर दाजी दहा वेळा वाटेकडे बघून आले. म्हातारी माणसं, ताई! आपण शिकलेल्या मुलींनी त्यांच्याकडे कौतुकाने बघावं आणि सोडून द्यावं.

भावोजींना नमस्कार, मुलांना गोड पापे. लग्नाला आठ दिवस आधी ये.

तुझी,
सुशीला

ता. क. — ताई, हे आईला कळवू नकोस, पण गणपत आणि मी एकमेकांना पत्रं लिहितो. सुपारी फुटली त्याच दिवशी त्याचं पत्र आलं. त्यात सहज एक ओळ होती की या बाबतीत त्याला आपल्या वडिलांचं म्हणणं जास्त पटतं. मी त्याला आठ पानं लिहिली. (घरात मी दाजींशी गुणाजींच्या बाजूने भांडते, पण ते घरातलं झालं.) आठव्या पानावर असंही लिहून गेले की ज्याला गोठ्यातला पावसाळा कळत नाही, त्याने आंब्याच्या घरची मुलगी करू नये. पत्र पेटीत पडलं आणि मी फटीतून बोटं घालून पाहिली, पोचली नाहीत. आज सहा दिवस झाले, उत्तर नाही. इथे सगळे मुंडावळ्यांची बोलणी करत आहेत आणि मी पोस्टमनची वाट बघते आहे. वरचं सगळं पत्र मी एवढ्यासाठी लिहिलं. लालबागेत आपल्या गावकऱ्यांच्या खोलीवर तो राहतो. तू जाऊन ये. मी चुकले असं सांगू नकोस, कारण मी चुकलेले नाही. रागावला आहे का, एवढंच बघ. भावोजींना नेऊ नकोस, ते वर्तमानपत्र वाचतात.

पुन्हा ता. क. — पोस्टाच्या खिडकीत उभी राहून लिहिते आहे. लालबागला जाऊ नकोस. त्याचं उत्तर आत्ताच हातात पडलं. बावीस पानं, ताई! माझं एकेक वाक्य उतरवून घेतलं आहे आणि खाली त्याचं खंडन केलं आहे. टपालाचे दिवस सोडले तर त्याने तेवढंच केलं. दोन ठिकाणी तर मी काय म्हणते ते माझ्यापेक्षा नीट मांडून मग खोडलं आहे. एकोणिसाव्या पानावर लिहिलं आहे, ‘इथे तू म्हणतेस ते खरं आहे, मला सुचलं नव्हतं.’ जन्मात माझं बोलणं इतकं मन लावून कोणी ऐकलं नव्हतं. मी याच्याशीच लग्न करणार. पण त्याचा चौथा, नववा आणि बारावा मुद्दा साफ चुकीचा आहे. इथल्या दुकानात रेघी कागद संपले आहेत. हे पत्र पोचताच पहिल्या बोटीने दोन दस्ते पाठव.